एक सूर वर

पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या बहिणीने आणि तिच्या नवऱ्याने मिळून एक रॉक अल्बम काढला. त्यातल्या तिसऱ्या गाण्यात मी टाळ्या वाजवल्या आहेत. कॅसेटच्या कागदावर तसं छापलेलं आहे: गीतं आणि आवाज बायकोचा, गिटार आणि बाकीची सगळी खटपट नवऱ्याची, आणि तळाशी बारीक अक्षरात टाळ्या माझ्या. मी हिशेबतपासनीस आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामावर खुणा करत बसणं हाच धंदा, त्यामुळे मिळालेली भूमिका स्वभावाला धरूनच होती.

अल्बमचं नाव ‘भाड्याची खोली’, कारण तो भाड्याच्या खोलीतच झाला. जाहिराती ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका कचेरीने मोडीत काढलेलं रिळांचं यंत्र भाऊजींनी घरी आणलं. खिडकीला गादी उभी केली. ताई कपड्यांच्या कपाटात, भाऊजींच्या शर्टांमध्ये तोंड खुपसून गायची, म्हणजे आवाज घुमत नसे. शेजारची म्हातारी भिंतीवर काठी आपटायची. दोन गाण्यांत तिचा ठोका ड्रमपेक्षा नेमका पडला आहे, पण कागदावर तिचं नाव नाही.

दोघांनी कामाचा एक नियम केला होता: तू लिहिलेली ओळ मी कापणार नाही, मी वाजवलेला तुकडा तू कापायचा नाहीस. लग्न टिकवायला नियम उत्तम. अल्बम संपवायला घातक. कॅसेटच्या नकला काढून देणाऱ्याकडे एकाच लांबीच्या कॅसेटी होत्या, आणि शेवटचं गाणं त्यातून शेपटीसारखं बाहेर राहत होतं. ताईचं एक कडवं गाळलं असतं तर बसलं असतं. भाऊजींचा गिटारचा लांबलचक तुकडा निम्म्यावर आणला असता तरी बसलं असतं. आठवडाभर त्या घरात ‘मी काही म्हटलं का?’ आणि ‘मग मी तरी काय म्हटलं?’ एवढीच दोन वाक्यं चालू होती. मग एके दिवशी भाऊजी म्हणाले, “बसलं.” कसं बसलं ते कोणी विचारलं नाही. भांडण मिटल्यावर कारणं उकरायची नसतात, हे लग्न झालेल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

तयार कॅसेट पहिल्यांदा लावली तेव्हा मी तिथे होतो. ताई कान देऊन ऐकत राहिली.

“मी अशी गाते?”

“शेवटचा हात फिरवला की आवाजाला अशी चमक येते,” भाऊजी म्हणाले.

“मला तर माझी कोणीतरी धाकटी बहीण गातेय असं वाटतंय.”

“मग फायदाच की. दोघींनाही कार्यक्रमाला नेतो.”

सगळे हसले. मीही हसलो.

अल्बम गाजला म्हणावं तर किती? ज्यांनी घेतला त्यांनी मित्रांना ऐकायला दिला आणि मित्रांनी परत केला नाही, इतपत. पण ज्यांना लागला त्यांना चांगलाच लागला. त्यांच्या तोंडी दोन गोष्टी होत्या. एक, ताईचा आवाज: पातळ, चकाकता, काचेच्या कडेसारखा. दुसरी, शेवटच्या गाण्यातला गिटारचा तो तुकडा. त्याला पोरांनी ‘धबधबा’ असं नाव पाडलं होतं. इतक्या वेगात माणसाची बोटं चालतात कशी, यावर वाद व्हायचे.

कार्यक्रम तीनच झाले. त्यासाठी एक कीबोर्डवाला घेतला. त्याने गाणी कॅसेटवरून बसवली होती, कॅसेटच्याच पट्टीत. भाऊजींनी गिटारच्या मानेवर दुसऱ्या घरात कॅपो लावला. तो एक चिमटा असतो, लावला की सगळ्या तारा वर चढतात. ताईने विचारलं, हा कशाला? “कीबोर्डवाल्याच्या सोयीसाठी,” भाऊजी म्हणाले. पहिल्या कार्यक्रमात शेवटच्या गाण्यातल्या ‘उजाडू दे’ या सगळ्यात उंच जागेवर ताईचा आवाज फाटला. दुसऱ्यात तिने ती जागा प्रेक्षकांना गायला लावली. तिसऱ्यात ती गाण्याच्या मध्येच थांबली, पाणी प्यायली आणि हात जोडून आत गेली. घशाच्या डॉक्टरने घसा उत्तम असल्याचं सांगितलं. ताईने मनाशी नोंद केली की आवाज होता, तो कॅसेटमध्ये गेला आणि संपला. त्यानंतर ती कुठेच गायली नाही. वाढदिवसालाही नुसते ओठ हलवते.

ती दातांच्या प्रयोगशाळेत काम करते, कृत्रिम दात बनवते. खरे दात किती पिवळे असतात हे तिच्याइतकं कोणाला माहीत नसेल. लोक पांढरेशुभ्र मागतात आणि ती त्यांना समजावते, “शोभणार नाहीत, तोंडात वेगळे दिसतील.” भाऊजींचा टायरच्या दुकानावर गिटारचा क्लास आहे. तिथे येणाऱ्यांपैकी निम्मे धबधब्यासाठी येतात. भाऊजी तो शिकवतात, पण “आधी सावकाश, आधी सावकाश” म्हणत. पूर्ण वेगात वाजवून दाखवा म्हटलं की त्यांचं मनगट दुखायला लागतं. मनगटाला एक काळा पट्टाच असतो. एखाद्याच्या अंगठीइतका कायमचा.

तर ताईच्या नावे पंचवीस वर्षांचं गप्प बसणं आणि भाऊजींच्या जमेला पंचवीस वर्षांचा धबधबा. हे दोन्ही आकडे एकाच पानावरून आलेत, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही.

यंदा एका रेकॉर्डिस्ट बाईंनी हा अल्बम पुन्हा काढायचं ठरवलं. वयाने लहान, केस बारीक कापलेले, बोलायला मोकळी. तिच्या वडिलांकडे ‘भाड्याची खोली’ होती, मित्राकडून आणलेली. तिला अल्बम स्वच्छ करून बाजारात आणायचा होता आणि त्या निमित्ताने एक छोटा कार्यक्रमही करायचा होता. भाऊजींना अल्बम हवा होता, पण मूळ रिळांचा विषय निघाला की ते म्हणत, “ती कुठली? बुरशीने खाल्ली. कॅसेटवरूनच करा.” ताईची एकच अट होती: अल्बम खुशाल काढा, मला गायला सांगायचं नाही.

आणि मग ताईनेच, माळा आवरताना, पंख्याच्या खोक्यामागून ती रिळं काढली. ठणठणीत होती. ती स्वतः पिशवीत घालून रेकॉर्डिस्टकडे देऊन आली आणि घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, “कुठे होती बुरशी? तुझ्या चष्म्यावर असेल.”

करार वाचायला म्हणून ताईने मला स्टुडिओत नेलं. “छोट्या, बारीक अक्षरं तू वाच,” ती म्हणाली. मी पन्नाशीचा आहे आणि मला टक्कल आहे. स्टुडिओ म्हणजे एका इमारतीच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या, मध्ये जाड काच, भिंतींना करडा फोम. भाऊजी दाराजवळच्या स्टुलावर बसले. आत गार होतं तरी त्यांचं कपाळ ओलं दिसत होतं. ज्याची कपाटं उघडायची असतात तो माणूस नेहमी दाराजवळ बसतो, हा माझा धंद्यातला अनुभव आहे.

रेकॉर्डिस्ट म्हणाली, “रिळं सुंदर आहेत. फक्त एक विचारायचंय. वेग कुठला ठेवायचा?”

“म्हणजे?” ताई.

“रिळावरचा की कॅसेटवरचा? रिळाच्या सुरुवातीला सरांनी सूर जुळवायचा स्वरकाटा वाजवून ठेवलाय, तो रिळावर अगदी बरोबर येतो. कॅसेट एक पूर्ण सूर वर आहे. मुद्दाम पळवलीत ना तुम्ही? त्या काळी करायचे तसं.”

ती सहज विचारत होती. तिला वाटलं, ही दोघांची कलात्मक निवड असणार. भाऊजींनी मनगटावरचा पट्टा सोडला आणि परत लावला.

“ऐकव,” ताई म्हणाली.

शेवटचं गाणं सुरू झालं. आधी वाटलं यंत्रच मंद चाललंय. मग ताईचा आवाज आला. जाड, थोडा घोगरा, खाली खर्जात जरा खरखरणारा. पंचवीस वर्षं आम्ही ऐकत होतो ती पातळ चकाकती मुलगी तिथे नव्हतीच. तिथे ही बाई होती, जी मला दर रविवारी फोन करते. ‘उजाडू दे’ आलं आणि ती बाई त्या जागेवर घाई न करता चढली, तिथे उभी राहिली आणि उतरली.

गाणं संपलं. ताई म्हणाली, “परत.”

परत ऐकलं. मग तिने खुर्ची नवऱ्याकडे वळवली. रेकॉर्डिस्टला आता काहीतरी कळलं होतं. ती उगाच एक वायर गुंडाळायला लागली.

“का?” ताईने विचारलं.

“गाणं मावत नव्हतं.”

“ते कळलं मला. वेगाचं बटण फिरवलंस आणि मावलं. पूर्ण अल्बमच कशाला पळवलास?”

“एकच बाजू पळवली असती तर तुझ्या लक्षात आलं असतं.”

“हुशार आहेस. पहिल्या कार्यक्रमानंतर का नाही सांगितलंस?”

“तू रडत होतीस.”

“दुसऱ्यानंतर?”

“तू रडत नव्हतीस.”

“आणि तिसऱ्यानंतर?”

भाऊजींनी वर पाहिलं. “तिसऱ्यानंतर तू म्हणालीस, सुटले एकदाची. मला खरं वाटलं ते.”

“मलाही वाटलं होतं,” ताई म्हणाली.

मी कराराची बारीक अक्षरं वाचत होतो. म्हणजे त्या कागदाकडे बघत होतो.

रेकॉर्डिस्टने जपून सांगितलं की ऐकणाऱ्यांच्या कानात कॅसेटचा वेग बसलाय. मूळ वेगात काढलं तर लोकांना वाटेल काहीतरी बिघडलंय. भाऊजी लगेच म्हणाले, “मी पण तेच म्हणतो. लोकांना आवडलंय ते कशाला बदला?”

“लोकांना?” ताई म्हणाली. “का तुझ्या धबधब्याला?”

ताईने रेकॉर्डिस्टला गिटारचा तुकडा तेवढा लावायला सांगितला. तो लागला. वाईट नव्हता, उलट नेटका होता. एकेक सूर सुटा ऐकू येत होता, दोन सुरांच्या मधली जागाही ऐकू येत होती. पण धबधबा म्हणावं असं त्यात काही नव्हतं. नळ नीट वाहत होता, इतकंच. भाऊजी जमिनीकडे बघत ऐकत होते, शाळेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखे.

“तू हे वाजवलंस तेव्हा मी कपाटात होते,” ताई म्हणाली. “दार किलकिलं करून ऐकत होते. मला हे फार आवडलं होतं. मग कॅसेट आली आणि मला वाटलं, हे कुठे गेलं? पण तेव्हा सगळेजण बोटांच्या वेगाचं कौतुक करत होते. मला वाटलं, मलाच कळत नसेल.”

“तू कधी बोलली नाहीस.”

“मग मी तरी काय म्हटलं?”

खोलीत पहिल्यांदाच कोणीतरी हसलं. मी. दोघांनीही माझ्याकडे बघितलं आणि मी कागदात डोकं घातलं.

निर्णय ताईनेच दिला. अल्बम रिळाच्या वेगात निघेल. आणि रेकॉर्डिस्टकडे न बघता, दाराकडे बघत, ती म्हणाली, “कार्यक्रमाचं काय म्हणत होतीस? मी गाईन.”

पुढचे काही दिवस ताईने घरात भांडण केलं नाही, त्यामुळे भाऊजी घाबरले. त्यांनी मला फोन केला. “ती नीट बोलतेय माझ्याशी. चहा घेतोस का विचारते. काय करू?”

“चहा घ्या,” मी म्हटलं.

ताईचाही फोन आला. तिला राग नव्हता असं नाही, पण रागावून बसायला फुरसत नव्हती. कामावर, एखाद्याच्या जबड्याचा साचा हातात घेऊन, ती पंचवीस वर्षांनी गुणगुणली होती आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं होतं, “रेडिओ लावलायस?” हे सांगताना तिचा आवाज इतका हलका होता की मला तिची काळजी वाटली. तिने आता सगळी भिस्त त्या रिळावर ठेवली होती. आवाज गेलाच नव्हता, चोरीला गेला होता, आणि चोरीचा माल सापडलाय, असं तिचं गणित. मी तिला म्हणणार होतो की मालाला गंजही चढतो. पण मी म्हटलं नाही.

भाऊजींनी क्लासमध्ये खरं सांगून टाकलं. ते त्यांना कोणी सांगायला लावलं नव्हतं. बँकेतला एक कारकून चार वर्षं धबधबा घासत होता. तो उभा राहिला. “म्हणजे सर, मी तुमच्यापेक्षा फास्ट वाजवतो?”

“हो.”

“पूर्वीच्या तुमच्यापेक्षाही?”

“हो रे बाबा. आता बस खाली.”

तो बसला, पण त्या दिवशी तो काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. मनगटाचा पट्टा भाऊजींनी कुठे ठेवला कोण जाणे. पहिल्या तालमीला गेलो तेव्हा त्यांच्या मनगटावर त्या जागी फिकट कातडीचं एक कडं दिसत होतं.

तालीम क्लासमध्येच होती. खालून हवेच्या पंपाचा फुसफुसाट आणि रबराचा वास येत होता. कीबोर्डवाला नव्हता, कॅपोही नव्हता. ताई कामावरून थेट आली होती, नखांत प्लास्टर होतं. मला तिने खुर्चीवर बसवलं. “तिसऱ्या गाण्याला टाळ्या लागतील,” ती म्हणाली. “आणि यंदा जरा हळू.”

पहिली गाणी बरी गेली. कुठे शब्द विसरली, कुठे भाऊजी चुकले, दोघंही एकमेकांना “तूच, तूच” म्हणाले. आवाज जाड होता, जुना होता, पण तिचा होता आणि तिला ते कळत होतं. तिसऱ्या गाण्यात मी माझं काम चोख केलं. मग शेवटचं गाणं आलं. ताईने केस मागे बांधले.

‘उजाडू दे’वर आवाज घसरला.

“परत,” ती म्हणाली. भाऊजींनी परत सुरुवात केली. या वेळी ती तिथवर पोहोचली, पण श्वास अपुरा पडला. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले, खांदे उचलले आणि आवाज त्या जागेच्या कडेला लागून खाली आला, ओल्या साबणासारखा. खाली कोणीतरी टायरवर हातोडा मारत होतं.

ताई पाणी प्यायली. “यात काही फिरवलेलं नाही ना?”

“नाही,” भाऊजी म्हणाले.

“हा रिळावरचाच सूर?”

“तोच.”

“मग आता मला खरंच येत नाहीये,” ती म्हणाली. तिने हे साचा बिघडल्यासारखं म्हटलं, कोरडेपणाने. पण बाटलीचं झाकण तिला लागेना. “पंचवीस वर्षं तोंड मिटून बसले की काय होणार दुसरं.”

ती बाटलीशी झटत होती आणि तिची पाठ आमच्याकडे होती. भाऊजींचा उजवा हात गिटारच्या टोकाकडे गेला, खुंटीवर. हात कुठे जातो हे बघायचंच मी शिकलोय. खुंट्या जराशा पिळल्या की सगळ्या तारा खाली आल्या असत्या, आणि पुढच्या वेळी ताई त्या जागेवर सहज चढली असती, आनंदाने आमच्याकडे वळली असती, म्हणाली असती, आला बघ. तिला कळलं नसतं. मला कळलं असतं, पण मी टाळ्यांचा माणूस. भाऊजींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी काही खूण केली नाही. खूण करायची ती काम झाल्यावर, आधी नाही.

त्यांनी हात खुंटीवर तसाच ठेवला.

“अगं,” ते म्हणाले.

“काय?”

“अर्धा सूर खाली उतरवू का?”

ताई वळली. तिने आधी त्यांच्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे.

“अर्धा पुरेल?”

“बघू. नाही पुरला तर एक.”

“म्हणजे जितका तेव्हा चढवलास तितकाच आता उतरवणार.”

“हो.”

“आणि कार्यक्रमात? लोकांना वाटेल मी त्याच पट्टीत गातेय.”

“मी माइकवर सांगेन. गाण्याच्या आधी.”

“काय सांगशील?”

भाऊजींनी घसा साफ केला. “सांगेन की, एवढी वर्षं बंद होता आवाज. माझ्यामुळे. म्हणून अर्धा सूर खाली.”

“लोक हसतील तुला.”

“हसू देत.”

ताई भिंतीला टेकली. झाकण लागलं एकदाचं. “उतरव,” ती म्हणाली. “पण आत्ताही मोठ्याने सांगत उतरव. मला बघत बसायचं नाहीये तुझ्या हाताकडे.”

भाऊजींनी पहिली खुंटी पिळली. तार कण्हत खाली आली. “अर्धा,” ते म्हणाले. दुसरी पिळली. “अर्धा.” बँकेतला कारकून जिन्यातून वर येत होता, तो हे ऐकून दारातच थबकला. तिसरी, चौथी, पाचवी. प्रत्येक तारेला ते तेवढ्याच गंभीरपणे म्हणत होते, “अर्धा.” सहाव्या तारेला ताईला राहवेना.

“ऐकू येतंय,” ती म्हणाली. “मी बहिरी नाहीये. चल, पहिल्यापासून.”